बारा जणांत माझा एक पाय

बावखल

एरवी मी बागकामाच्या आणि पावसाच्या धाग्यांवर असतो. धार्मिक काही इथे कधी लिहिलेलं नाही, त्यामुळे चूकभूल द्यावी घ्यावी.

पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, आमच्या देवळात बारा जणांचे पाय धुतात. (वसईकडे आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. मुंबईचे पाहुणे दरवेळी गोंधळतात.) येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. फादर अंगावरचा झगा काढून ठेवतात, कमरेला टॉवेल बांधतात आणि खाली बसून एकेकाच्या उजव्या पायावर तांब्याने पाणी घालतात. एक मुलगा परात धरून पुढे सरकत राहतो.

बारा जणांची नावं आठवडाभर आधी ठरतात. मग काय होतं? प्रत्येक जण घरी जाऊन पाय घासतो, नखं काढतो, नवे मोजे आणतो. एकाने तर टाचांच्या भेगांना आठ दिवस मेण लावलं होतं. थोडक्यात, फादरांच्या परातीत आजवर एकही मळका पाय पडलेला नाही.

एकदा पडणार होता. बऱ्याच वर्षांपूर्वी मी धर्मग्रामाच्या (म्हणजे पॅरिशच्या, आमच्या देवळाखालच्या वस्तीच्या) कमिटीत होतो आणि रांगेची व्यवस्था माझ्याकडे होती. एक माणूस वाडीतलं काम टाकून थेट आला होता. शिंपण्याचा दिवस असावा, कारण पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरलेले. मी त्याला हळूच बाजूला घेतलं आणि मागच्या नळावर पाठवलं. त्या वेळी मी चांगलं काम केलं असंच वाटलं होतं.

आता यंदाचं. फेब्रुवारीत मी मोरीत घसरलो आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आलो, वॉकर आला. बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले, मुलाची ड्युटी बारा तासांची. राहिली सून. मी शाळेत मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालोय, माझ्या टेबलावरचा पेनसुद्धा कोणी हलवलेला मला चालायचा नाही. पहिले तीन दिवस तिने बादली आणली की मी म्हणायचो, "राहू दे गं, मी करीन." करणार काय, वाकताच येत नव्हतं. ओल्या फडक्याने गुडघ्यापर्यंत पुसायचो आणि झालं म्हणायचो.

चौथ्या दिवशी ती पाट घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या पायांना वास येतोय. इकडे करा."

केले. तिने साबण लावला, वज्रीने टाचा घासल्या, बोटांमध्ये बोट घालून मळ काढला. मी छताकडे बघत होतो. पंख्याच्या एका पात्यावर जाळं धरलंय, हे मला त्या दिवशी कळलं.

यंदाच्या बारा जणांतला एक गावाला गेला, म्हणून फादरांनी मला विचारलं. खुर्चीत बसून का होईना, गेलो. वाचन नेहमीचंच, योहानाच्या शुभवर्तमानाचा (बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक) तेरावा अध्याय. येशू पेत्र या शिष्याजवळ येतो तेव्हा पेत्र म्हणतो, तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. इतकी वर्षं ते वाक्य मला पेत्राच्या नम्रतेचं वाटत आलं होतं. यंदा ऐकताना वाटलं, हे तर माझंच "राहू दे गं, मी करीन."

तुमचं काय मत? सेवा करणं अवघड की करून घेणं?

शेवग्याची शेंग

"पायांना वास येतोय"ला मोठ्याने हसले. सूनबाईंना दंडवत.

मी हिंदू घरातली, त्यामुळे पाय धुणं म्हटलं की मला लग्नच आठवतं. माझे वडील तेव्हा एकसष्टचे, हायपोथायरॉइडने सुजलेले. ते खाली बसून सत्तावीस वर्षांच्या जावयाचे पाय धूत होते आणि आई वरून पाणी घालत होती. फोटोत दोघं हसतायत. मला तो फोटो बघवत नाही. नवरा बिचारा स्वतः अवघडला होता, त्याचा दोष नाही. पण त्या पाय धुण्यात नम्रता नव्हती, मुलीकडच्यांची पायरी दाखवून द्यायची होती.

म्हणून प्रश्न पडतो. आपल्याकडे खालच्याने वरच्याचे पाय धुवायचे, गुरूचे, जावयाचे, देवाचे. तुमच्या गोष्टीत ते उलटं आहे का? वाचतेय.

ओसरी

शेंगताई, गोष्टीचा सगळा जोर त्या उलटेपणातच आहे. त्या काळी चपला घालून धुळीच्या रस्त्याने चालत यायचं आणि पंगतीला बसण्याआधी पाय धुवायचे, हे काम घरातल्या गुलामाचं. आपल्याकडे खेड्यात पाहुणा आला की पायांवर पाणी देत, तशीच रीत. गुरूने शिष्यांसाठी ते करणं म्हणजे पंगतीची सगळी मांडणी विस्कटली. पेत्र दचकला तो त्यामुळे.

दोन गोष्टी सहसा सुटतात. बाकीच्या तिन्ही शुभवर्तमानांत शेवटच्या भोजनात भाकर मोडणं आणि प्याला देणं आहे. योहानात ते नाहीच, त्या जागी परात आणि टॉवेल आहे. आणि येशूला शत्रूंच्या हाती धरून देणारा शिष्य यहूदा उठून बाहेर जातो तो पाय धुऊन झाल्यावर. म्हणजे धरून देणाऱ्याचेही पाय धुतले गेले, आणि धुणाऱ्याला ते ठाऊक होतं. शेजाऱ्यावर प्रीती करा हे बोलायला सोपं आहे, पण त्या रात्री शेजारी कोण बसला होता ते बघा.

आणखी एक शब्द आहे. पुढे येशू सांगतो, तुम्हीही "एकमेकांचे" पाय धुवावेत. एकमेकांचे म्हटल्यावर कधी खाली बसायचं आणि कधी पाय पुढे करायचा, दोन्ही आलं. बावखलकाकांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे असं मला वाटतं.

अवांतर: हा विधी नियमाने फक्त पुरुषांसाठी होता. २०१३ साली पोप झाल्यावर पहिल्याच पवित्र गुरुवारी फ्रान्सिस रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले आणि बारा तरुणांचे पाय धुतले. त्यात दोन मुली होत्या, एक मुसलमान. बराच गदारोळ झाला. शेवटी २०१६ च्या जानेवारीत नियमच बदलला. तुमच्या देवळात बायका असतात का काका?

तर्ककर्कश

लेख प्रामाणिक आहे म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या धाग्यांवर मी फिरकत नाही.

वर्षातून एक दिवस, स्वच्छ पायांवर, फोटोग्राफरसमोर पाणी घालायचं. उरलेले ३६४ दिवस त्याच माणसाला "फादर, फादर" म्हणत सगळे उभे राहतात. माझ्या मते हे नम्रतेचं नाटक आहे आणि चांगलं वठवलेलं आहे, इतकंच.

दुसरं, नम्रता हा बहुतेक वेळा हुशारीचा प्रकार असतो. मुंगी व्हा, साखर मिळेल. लव्हाळं व्हा, पूर आला तरी वाचाल. यात फायद्याचाच हिशोब आहे.

तिसरं, तुमचा धर्म देवावर अवलंबून राहायला सांगतो आणि पाय धुतले सुनेने. यात देव कुठे आला?

ओसरी

लव्हाळ्याचा मुद्दा पटला. म्हणूनच फरक करायला हवा. लव्हाळं वाकतं ते पुराच्या भीतीने. योहान मात्र मुद्दाम लिहून ठेवतो की सगळं आपल्या हाती दिलेलं आहे हे जाणून येशू उठला आणि टॉवेल बांधला. म्हणजे वाकायची गरज नसलेला वाकला. बायबलातल्या फिलिप्पैकरांच्या पत्रात प्रेषित पौल येशूबद्दल तेच म्हणतो, त्याने स्वतःला रिक्त केलं आणि दासाचं रूप घेतलं. वाचायचं म्हणून वाकणं वेगळं.

नाटकाबद्दल वाद घालत नाही. पण नाटकाचीही तालीम लागते.

नगरी

मी नगर जिल्ह्यातला, प्रोटेस्टंट. आमच्याकडे त्या संध्याकाळी प्रभुभोजन असतं, पाय धुण्याचा विधी सहसा नसतो. धागा वाचून तीन दिवस गप्प होतो, आता लिहितो. कडू लागलं तर माफी नाही मागणार.

माझे पणजोबा गावकुसाबाहेर राहायचे. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना पायातलं काढून हातात घ्यायचे. ते ख्रिस्ती झाले तेव्हा मिशनमधून त्यांना शिकवलं गेलं, नम्र व्हा. आणखी किती व्हायचं होतं? नम्रतेवरचे प्रवचन मी लहानपणापासून ऐकतोय आणि दरवेळी मनात येतं, हे बोलणाऱ्याने आधी पहिल्या बाकाकडे बघून बोलावं. चर्चमध्येही कोण मूळचा कुठला हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सोयरीक करायची वेळ आली की बरोबर आठवतं.

माझ्या आजीला नम्रतेचे उतारे आवडत नसत. तिला येशूची आई मरीया हिचं गीत पाठ होतं, लूकच्या पहिल्या अध्यायातलं. त्याने अधिपतींना आसनांवरून ओढून काढलं, दीनांना उंच केलं, भुकेल्यांना तृप्त केलं. जात्यावर बसून म्हणायची आणि "ओढून काढलं"ला जात्याचा खुंटा जोरात फिरायचा.

करून घेणं अवघड, हे बावखलकाकांचं म्हणणं मला पटतं. पण ते अवघड कोणाला जातं? ज्याला आयुष्यभर वर बसायची सवय आहे त्याला. लक्ष्मीबाई टिळकांचंच घ्या. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले. पुढे काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या तरी सोवळं सुटलं नव्हतं, पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. दुसऱ्याला द्यायला त्यांचा हात कधीच आखडला नाही. अडत होतं ते कोणाच्याही हातचं पाणी घेणं. ते सुटल्यावर १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. या बाईचा धर्म बदलला तो घोटभर पाण्यापाशी, असं मी मानतो.

काका, एक विचारू? नळावर पाठवलेला तो माणूस कोण होता?

शेवग्याची शेंग

नगरी, प्रतिसाद दोनदा वाचला. जात्याचा खुंटा डोळ्यासमोर आला.

टिळकांचा विषय निघालाच आहे तर माझंही एक. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" ही तुमची प्रार्थना मला फार आवडते. महिन्याची नाही, आजची. पण टिळक हातात आलेलं वाटून मोकळे व्हायचे आणि घर चालवायच्या लक्ष्मीबाई. देवावर भिस्त ठेवणाऱ्याच्या घरात कोणीतरी डब्यातले तांदूळ मोजत असतं, आणि ती बहुतेक वेळा बाई असते. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली आणि "देवाचा दरबार" हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला. थोर माणूस, वाद नाही. मी आपली डब्याच्या बाजूने बोलतेय.

त्यावरूनच बावखलकाकांना माझा प्रश्न. सूनच का? मुलाची ड्युटी बारा तासांची, मग उरलेले बारा?

रात्रपाळी

मी मिरजेला नर्सिंग केलं, आता नऊ वर्षं आयर्लंडमध्ये एका वृद्धाश्रमात आहे. नावाप्रमाणेच रात्रपाळी. पहाटे लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

काका म्हणतात ते रोज बघते. अंग पुसून घ्यायला सगळ्यांत जास्त त्रास कोणाला होतो माहितेय? ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचं केलं त्यांना. निवृत्त डॉक्टर, मास्तर आणि नन्स. एक सिस्टर होत्या, चाळीस वर्षं आफ्रिकेत दवाखाना चालवलेला. मी गेले की चादर दोन्ही मुठींत धरायच्या. "यू आर बिझी, गो टू समवन हू नीड्स यू." रोज. त्यांच्या मुठी सोडवायला मला सात आठवडे लागले. एका रात्री त्यांनी आपणहून पाय चादरीबाहेर काढला आणि म्हणाल्या, "पाणी गार आहे." तक्रार केली! मला इतका आनंद झाला. घेणाऱ्याने तक्रार केली की समजायचं, आता तो खरंच घेतोय.

आमच्या कामात काही गोष्टी शिकवत नाहीत, हात शिकतो. स्पर्श करायच्या आधी सांगायचं. जो भाग धुवायचा तेवढाच उघडा ठेवायचा. पाणी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूने बघायचं. बोटांमधलं पाणी नीट टिपायचं, नाहीतर चिखल्या होतात. आणि बडबड करायची नाही. माणूस छताकडे बघत असेल तर बघू द्यायचं.

त्याच पेत्राला योहानाच्या शेवटच्या अध्यायात येशू काय सांगतो ते मला इथे येऊन कळलं. तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून हवं तिथे जायचास. म्हातारा होशील तेव्हा हात पुढे करशील, दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुला नको तिकडे नेईल. मी रोज रात्री अकरा जणांची कंबर बांधते.

ता. क. काका, मोरीत दांडा बसवून घ्या. भिंतीत पक्का, चिकटवायचा नको. आणि तिथली गुळगुळीत फरशी काढा.

ओसरी

रात्रपाळी, सुंदर. फक्त नोंद म्हणून, त्या ओळीचा पुढच्याच वचनात दिलेला अर्थ म्हातारपणाचा नाही, पेत्राच्या हौतात्म्याचा आहे.

रात्रपाळी

माहितेय हो. पण माझ्या वॉर्डात ती ओळ अशीच वाचली जाते.

तर्ककर्कश

नर्सबाईंच्या प्रतिसादासाठी धागा वाचला हे बरं झालं. माझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कोणी दिलेलं नाही.

नगरी

कर्कशराव, मी प्रयत्न करतो, धर्मपंडित नाही मी. बायबलात रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, मिळायचा. रोज सकाळी वेचायचा, त्या दिवसापुरता. काहींनी उद्यासाठी ठेवला तर त्यात किडे पडले. शब्बाथाच्या (विश्रांतीच्या वाराच्या) आदल्या दिवशी तेवढा दुप्पट. आमच्या आजीकडे ही गोष्ट दुष्काळाच्या आठवणींना जोडून यायची. तिच्या मते देव भाकर आकाशातून टाकतो हा गोष्टीचा लहान भाग. मोठा भाग असा की उद्याचं आपल्या हातात नाही आणि शेजाऱ्याच्याही हातात नाही, म्हणून त्याच्याकडे मागायला आणि त्याला द्यायला लाज धरू नये. सुनेचा हात आणि देवाचा हात असे दोन वेगळे हात ती मोजत नसे.

हे तुम्हाला पटणार नाही. चालेल.

तर्ककर्कश

नाही पटलं. पण आजी आवडल्या.

बावखल

उशीर झाला, फिजिओथेरपीचे दिवस होते. सगळ्यांचे प्रतिसाद मुलाने मोठा फाँट करून वाचायला दिले.

ओसरी, बायका असतात. यंदा पाच होत्या.

रात्रपाळी, तुमचा निरोप मिळाल्या दिवशीच दांडा आणला. बसवणाऱ्याने भिंतीत भोकं पाडताना पाण्याची पाइप फोडली, म्हणून अजून दोन दिवस गेले. आता पक्का आहे. "पाणी गार आहे"ची गोष्ट सुनेला सांगितली. ती म्हणाली, "तुम्ही तर पहिल्या दिवसापासून तक्रार करताय, म्हणजे तुम्ही पास."

शेंगताई, तुमचा प्रश्न टोचला. खरं सांगायचं तर मुलाला आम्ही कधी विचारलंच नव्हतं. मी नाही, बायकोने नाही, आणि त्यानेही नाही. तिने बादली उचलली आणि आम्ही सगळे ते धरून चाललो. गेल्या रविवारी त्याला बसवलं. निम्मं पाणी फरशीवर, साबण डोळ्यात उडाला (माझ्या, पाय धुताना, कसा ते विचारू नका), आणि बोटांमधलं टिपायचं राहिलं. ती दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "दुसरा पाय राहिला." आता रविवार आणि बुधवार त्याचे.

नगरी, तुमच्या प्रश्नाला उत्तर न देता हा धागा खाली जाऊ द्यावा असं दोन-तीनदा मनात आलं. तो माणूस आमच्या गावातला नव्हता. पूर्वेकडच्या पाड्यावरून आमच्याच वाडीत मजुरीला यायचा. नुकताच देवळात यायला लागला होता आणि त्या वर्षीच्या फादरांनी मुद्दाम त्याचं नाव घातलं होतं. मी नळावर पाठवलं तेव्हा तो काही बोलला नाही. पाय धुऊन आला, रांगेत शेवटी बसला, पाण्याने लेंग्याच्या कडा ओल्या झालेल्या. तो चिखल माझ्याच केळीच्या आळ्यातला होता. लेखात मी ते लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

पुढच्या वर्षी तो आला नाही. कामालाही नंतर दुसरीकडे जायला लागला. मी कधी विचारलं नाही का ते.

नगरी

लिहिलंत, आभार. तो आहे अजून?

बावखल

आहे. त्याचा मुलगा बाजारात दिसतो.

नगरी

मग?

बावखल

वॉकरने तिथवर जाता येत नाही. चढाचा रस्ता आहे.

नगरी

रिक्षा जाते का?

बावखल

जाते.